साल

नऊ वर्षांनी एकदा बुचाच्या झाडाची साल सोलतात
आणि उघड्या, तांबूस खोडावर
त्या वर्षाचा शेवटचा आकडा लिहितात पांढऱ्या रंगाने.
आमचं प्रमाणपत्र आलं त्या साली झाडांवर सहा होता.

सेन्योर आर्मिंदुंनी खिळा स्वतः ठोकला.
वाकडा गेला. उपटला. पुन्हा ठोकला.
या जादा भोकाची नोंद कुठल्या फॉर्मवर करू,
असं मी विचारलं, तेव्हा सगळं ऑफिस हसलं.
मी टायपिस्ट होते. विनोद करत नव्हते.

पहिली दोन वर्षं आम्ही कागदी घोडे नाचवले,
आणि खरं सांगायचं तर
घोडे बरे नाचले.
फ्रान्सहून परत येणाऱ्या पेट्या निम्म्यावर आल्या,
कुठलं पोतं कुठून आलं ते सांगता येऊ लागलं,
दुपारी कुणी कुणावर ओरडेनासं झालं.

निवडीच्या टेबलावर कस्तोदिया बसायची.
लोक नाकाने कांदे सोलतात,
ही नाकाने बुचं निवडायची.
मशीनने पास केलेलं एखादं बूच हुंगून
मुकाट्याने एप्रनच्या खिशात टाकायची.
तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून संध्याकाळी
ती सांगायची, मी लिहायचे.
तारीख. पोत्याचा क्रमांक. कारण:
'कस्तोदियाला ओल्या तळघराचा वास आला.'

पोर्तूहून आलेला तपासनीस त्या ओळीवर अडला.
नाक हे मोजमापाचं साधन नाही, म्हणाला;
असलंच, तर शेवटचं कधी जुळवून घेतलं होतं?
'रोज सकाळी,' ती म्हणाली, 'कॉफीच्या आधी.'
त्याने काहीतरी लिहिलं. काय, ते कळलं नाही.

झाडांवर पाच आला.
नियमावलीचे आठ खंड झाले होते
आणि नफा होता तिथेच.
प्लास्टिकची बुचं आली, फिरकीची झाकणं आली.
पलीकडचा तावारेशांचा कारखाना बुडाला,
त्यांच्या भिंतीवर आमच्यासारखंच प्रमाणपत्र, मुदतीतलं.
लिलावात चौकट विकली गेली.
कागद कुणी मागितला नाही.

कस्तोदिया गेली फेब्रुवारीत.
तिच्या एप्रनच्या खिशात चार बुचं निघाली.
मी ती हुंगली. मला काही कळलं नाही.

चार आला, तेव्हा विद्यापीठातून नोएमिया आली,
बोटांना शाई, पायात मळलेले कॅनव्हासचे बूट.
तिच्याकडे तीनशे कंपन्यांचा आलेख होता:
रेघ तीन वर्षं चढते,
मग माळावरच्या रस्त्यासारखी सपाट.
तिने विचारलं, प्रमाणपत्रामुळे तुम्ही चांगले झालात,
की चांगले होतात म्हणून ते मिळालं?
मी म्हटलं, कॉफी घे.
आणि खालचा कप्पा उघडून दिला.

तीन दिवस ती माझ्या टेबलाशी बसून वाचत होती.
तिसऱ्या दिवशी अंगणाचा नकाशा मागितला.
ओल्या तळघराची जवळजवळ सगळी पोती
उत्तरेच्या कोपऱ्यातली,
जिथे साल थेट मातीवर रचली जायची,
जिथे हिवाळाभर ऊन पोचत नाही.

तिथे काँक्रीट घालायला सहा दिवस लागले.
उत्तर अठरा वर्षं आमच्याच फायलीत होतं,
अनुक्रमांक घालून, सही-शिक्क्यासह.
दर तीन वर्षांनी तपासनीस यायचा,
फायली आहेत का ते बघायचा.
फायली होत्या.

सेन्योर आर्मिंदु त्या कोपऱ्यात बराच वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, मी तर रोज इथेच गाडी लावायचो.

बुचाच्या झाडाची पहिली साल बुचाच्या कामाची नसते.
दुसरीही नाही, खडबडीत निघते.
तिसरीची वाट बघावी लागते.
सहाच्या साली पहिल्यांदा सोललेल्या झाडांनी
चारच्या साली पहिलं बूच दिलं.
मी हे नोएमियाला सांगितलं.
तिच्या आलेखात त्याला जागा नव्हती,
तिने समासात लिहून घेतलं.

आता झाडांवर तीन आहे. मी घरी असते.
परवा पेन्शनच्या कागदासाठी गेले होते.
नवं प्रमाणपत्र त्याच खिळ्यावर आहे,
चौकट थोडी डावीकडे सरकलीय,
आणि वाकडं भोक दिसतं.
निवडीच्या टेबलावर एक नवी मुलगी
बूच नाकाशी धरून बसली होती,
डोळे मिटून.
फॉर्म शेजारी कोरा.
मी पेन पुढे केलं.